टिश्यू अपुरा

ताईचा पहिला बायोप्सी रिपोर्ट जेमतेम दीड ओळीचा होता. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागातली कॅन्सरची गाठ, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. यकृतावर चार ठिपके आहेत हे स्कॅनमध्ये आधीच दिसलं होतं. ती दीड ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, अजून काहीतरी लिहिलेलं असेल म्हणून. नव्हतं. पुढच्या चौदा महिन्यांत त्या दीड ओळीची बारा पानं झाली. त्यातलं काही वेळेवर हाती आलं, काही उशिरा. हा सगळा प्रवास लिहून ठेवावासा वाटतो, कारण आम्हाला सुरुवातीलाच तो कोणी सांगितला असता तर आम्ही दोन-तीन गोष्टी नक्की वेगळ्या केल्या असत्या.

ताई तेव्हा ५४ वर्षांची. सुरुवात काविळीने झाली. डोळे पिवळे, लघवी गडद, आणि रात्र रात्र झोपू न देणारी खाज. गाठीने पित्तनलिका दाबून धरली होती. दाखल झाल्या दिवशीच सीए १९-९ ही रक्ततपासणी झाली, या कॅन्सरमध्ये सहसा वाढणाऱ्या पदार्थाची, आणि आकडा आला १,८४०. तो ३७ च्या खाली असावा लागतो, हे रिपोर्टवरच छापलेलं होतं. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी नळी, बसला, कावीळ उतरली, आणि अडीच आठवड्यांनी तोच आकडा ६१० झाला. अजून एकही औषध सुरू झालं नव्हतं. भाऊजींनी सगळ्यांना फोन करून सांगितलं, मीही ताईच्या गळ्यात पडून रडले.

आमच्या ऑन्कोलॉजिस्ट मॅडमनी पहिल्या भेटीतच हा गैरसमज दूर केला. "पित्त तुंबलं की हा आकडा फुगतो. तो १,८४० विसरून जा. आपली सुरुवात ६१० पासून." बोलण्यात कठोरपणा नव्हता, पण भाऊजींचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. शंभरातल्या पाच ते दहा माणसांच्या शरीरात ल्युइस नावाच्या रक्तगटामुळे हे सीए १९-९ बनतच नाही, असंही त्या म्हणाल्या. अशांचा आजार कितीही पसरला तरी आकडा खालीच राहतो. म्हणून एक सुटा आकडा पाहून काही ठरवायचं नाही. कावीळ गेल्यावर पाया धरायचा आणि तिथून चढ-उतार बघायचा. त्या दिवशी मी एक वही घातली आणि पहिल्या पानावर ६१० लिहिलं.

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, "बायोप्सीचा ब्लॉक कुठे आहे?" ब्लॉक म्हणजे काय हेच आम्हाला माहीत नव्हतं. काढलेला तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. गाठीचं जनुकीय परीक्षण त्यातूनच होतं. पहिल्या रुग्णालयातून तो मिळवायला नऊ दिवस गेले. प्रयोगशाळेत पोचला, आणि सोळाव्या दिवशी उत्तर आलं: टिश्यू अपुरा, परीक्षण शक्य नाही.

मला राग आला होता. आजही येतो. स्वादुपिंडाची ही गाठ म्हणजे कॅन्सरच्या पेशींचा गच्च गोळा नसते. तिच्यात तंतुमय, चिवट ऊतकच फार असतं आणि कॅन्सरच्या पेशी त्यात विखुरलेल्या असतात. दुर्बिणीतून पोटात उतरवलेल्या बारीक सुईने चार पेशी ओढल्या तर निदानाला पुरतात. जनुकं वाचायला मात्र अखंड तुकडा लागतो, त्यासाठी वेगळी, जाडसर तुकडा कापणारी सुई असते. ताईची तपासणी झाली त्या दिवशी पुढे काय काय लागणार आहे याचा विचार कोणीच केला नव्हता. जिथे ती झाली तिथल्या डॉक्टरांना फक्त "कॅन्सर आहे की नाही" एवढंच विचारलं गेलं होतं, आणि तेवढ्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं. आम्ही तरी कुठे विचारलं? आता ओळखीत कोणाची अशी बायोप्सी ठरली की मी फोन करून एवढंच सांगते: आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, जनुकीय परीक्षणाला पुरेल एवढा तुकडा घेणार आहात ना?

मॅडम मात्र त्या उत्तराची वाट बघत बसल्या नाहीत. या आजारात महिनाभर थांबणं परवडत नाही. ताई हिंडती-फिरती होती, स्वतःचं सगळं स्वतः करत होती, म्हणून फॉल्फिरिनॉक्स नावाची किमो सुरू करायचं ठरलं. त्यात चार औषधं असतात, दर दोन आठवड्यांनी, आणि शेवटचं औषध छोट्या पंपातून ४६ तास थेंब थेंब जात राहतं. त्याआधी एक रक्ततपासणी झाली, डीपीवायडी या जनुकाची. पंपातलं ५-एफयू शरीरातून निचरा करणारं एंझाइम काही जणांत जन्मतः कमी असतं, आणि त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. ताईचं नीट निघालं. बायोमार्कर, म्हणजे आजार कसा वागेल किंवा औषध कसं लागू पडेल हे सुचवणारी शरीरातली खूण, हा शब्द तोवर मी फक्त गाठीला जोडत होते. तो माणसालाही लागू होतो, हे इथे कळलं.

आणि एक गोष्ट, जिचा जनुकांशी काही संबंध नाही. निदान झालं तेव्हा ताईचं वजन नऊ किलोंनी उतरलं होतं. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नसल्याने खाल्लेलं अंगीच लागत नव्हतं. प्रत्येक जेवणासोबत एंझाइमच्या कॅप्सूल सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत तिच्या गालांवर जरा मांस आलं. पोटातले मुरडे गेले. नंतरच्या सगळ्या महागड्या शास्त्राइतकीच मला या कॅप्सूलची आठवण येते. त्या पहिल्याच महिन्यात मिळायला हव्या होत्या.

याच काळात मी रात्री जागून आकडे वाचू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत ३४२ रुग्ण होते. फॉल्फिरिनॉक्स घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान ११.१ महिने, फक्त जेमसायटॅबिन हे किमोचं एकच औषध घेतलेल्यांचं ६.८. नॅब-पॅक्लिटॅक्सेल आणि जेमसायटॅबिन एकत्र दिलेल्या २०१३ च्या चाचणीत ८.५ विरुद्ध ६.७. त्या ११.१ ने माझा घास अडवला. ताईकडे बघितलं की डोक्यात अकरा महिन्यांचं कॅलेंडर सुरू व्हायचं. शेवटी मॅडमनाच विचारलं. त्यांनी कागदावर एक उतरती रेघ काढली आणि मधोमध टिंब दिलं. "हे ११.१. निम्मे लोक या टिंबाच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. त्याच चाचणीत वर्षाच्या शेवटी ४८.४ टक्के लोक हयात होते. तुमची ताई या रेघेवर कुठे आहे ते मला आज माहीत नाही. पण ही रेघ एकाच आजाराची नाही. एकाच नावाखालच्या तीन-चार आजारांच्या रेघा एकावर एक ठेवल्यात. बायोमार्कर म्हणजे त्या रेघा सुट्या करायचा प्रयत्न." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "प्रयत्न, हां. अजून पूर्ण जमलेलं नाही."

तो कागद माझ्याकडे आहे.

रक्तातल्या, म्हणजे जन्मजात जनुकांचं परीक्षण गाठीच्या परीक्षणापेक्षा वेगळं असतं. ते करायला तुकडा लागत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या प्रत्येकालाच ते सुचवावं असं आता मानलं जातं, घरात आधी कोणाला कॅन्सर झालेला असो वा नसो, कारण दहा-वीस रुग्णांमागे एकाला असा वारशाने आलेला दोष सापडतो. मी मनोमन बीआरसीए नावाच्या जनुकातल्या दोषाची वाट बघत होते. असं म्हणणं विचित्र वाटेल, पण रुग्णाचे नातेवाईक अशीही इच्छा धरतात. बीआरसीएचा दोष असेल तर गाठीला डीएनएची मोडतोड नीट दुरुस्त करता येत नाही, प्लॅटिनम गटातली किमोची औषधं तिला जास्त लागू पडतात, आणि पुढे ओलापॅरिबची गोळी देता येते. २०१९ च्या पोलो चाचणीत त्या गोळीने आजार वाढायला लागणारा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ वर नेला होता. एकूण आयुष्य त्यात वाढलेलं दिसलं नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा ७.४ एवढंच डोळ्यांपुढे होतं.

चार आठवड्यांनी रिपोर्ट आला. बीआरसीए १ आणि २, दोन्ही नीट. पण एटीएम नावाच्या जनुकात दोष. तेही डीएनए दुरुस्तीच्याच कामातलं, म्हणून मी अधाशासारखं विचारलं, "मग ती गोळी?" मॅडमनी मान हलवली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये एटीएमसाठी तसा पुरावा उभा राहिलेला नव्हता. ताईच्या उपचारात या रिपोर्टने काहीच बदललं नाही. बदललं ते आमचं, तिच्या सख्ख्या माणसांचं. बहिणीला हा दोष असायची शक्यता दोनात एक, मुलीलाही दोनात एक.

जनुकीय समुपदेशक बाईंनी मोठा कागद पसरून आमचा वंशवृक्ष काढला. ताईच्या गोलावर काळी रेघ ओढून खाली लिहिलं: स्वादुपिंड, ५४. ताई बाजूलाच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, लेकीच्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिली.

माझी भाची तेव्हा २७ वर्षांची होती. तपासणी लगेच करून घ्यायची तिची तयारी होती, ताईची नव्हती. "माझं एक निस्तरू दे आधी, मग तुझं बघू," असं ती म्हणाली. आम्ही तिचं ऐकलं.

दरम्यान गाठीचं परीक्षण अडलेलंच होतं. किमोच्या दुसऱ्या सायकलनंतर लिक्विड बायोप्सी केली, म्हणजे रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे शोधायचे. काहीच सापडलं नाही. भाऊजींना वाटलं, रक्तात काही नाही म्हणजे चांगलंच. तसं नसतं. गाठ तुकडे कमी सोडत असेल किंवा किमोने ती तात्पुरती शांत झाली असेल, तरी असंच उत्तर येतं. "नाही" आणि "दिसलं नाही" या दोन गोष्टी वेगळ्या. शक्य असतं तर किमोच्या आधीच रक्त घेतलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हा आमची सगळी भिस्त ब्लॉकवर होती.

वहीतला आकडा आधी जरा उतरला, मग चढला: ६१०, ५४०, मग ७०५. दोन महिन्यांनी स्कॅन झाला, यकृतावरचे ठिपके वाढले होते आणि एक नवा दिसत होता. चार चक्रांत ताईने सगळं सोसलं होतं, थंड पाण्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या, तोंड सोललेलं, आणि त्याचं फळ हे. मॅडमनी दोन गोष्टी एकाच दिवशी ठरवल्या. औषध बदलायचं, जेमसायटॅबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल सुरू करायचं. आणि त्याआधी यकृतातल्या ठिपक्यातून जाड सुईने तीन तुकडे घ्यायचे.

या वेळी टिश्यू पुरला. रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले, आणि तेवढ्यात नवं औषध काम करू लागलं होतं. ४३०, मग १९०. ताई पुन्हा जिना चढू लागली.

ती बारा पानं मॅडमनी आमच्यासोबत बसून वाचली. के-रास जनुकात जी१२डी नावाचा बदल. या आजारात दहातल्या नऊ गाठींत के-रास बिघडलेलं असतं, आणि त्यात जी१२डी सगळ्यांत जास्त आढळतं. टीपी५३ बिघडलेलं, सीडीकेएन२ए गायब, एसएमएडी४ शाबूत. हे चार जनुकं म्हणजे या कॅन्सरची नेहमीची मंडळी. मग एकेक दार बंद होत गेलं. मायक्रोसॅटेलाइट स्थिर, म्हणजे इम्युनोथेरपीचा, प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या उपचाराचा, उपयोग होण्याची आशा नाही. ती शंभरात एखाद्यालाच असते. एनटीआरके, एनआरजी१ अशी जनुकांची जोडणी नाही. त्या बहुतेक के-रास शाबूत असलेल्या गाठींत सापडतात. के-रासचं जी१२सी हे रूप असतं तर सोटोरासिब हे औषध होतं, पण ते स्वादुपिंडात शंभरात एक-दोघांना.

शेवटच्या पानावर एक टीप होती. गाठीचा आरएनए तपासून उपप्रकार दिला होता: बेसल-लाइक.

हा भाग मला समजायला सर्वांत वेळ लागला. जनुकांतले बिघाड सगळ्या गाठींत जवळपास तेच, तरी गाठी वागतात वेगवेगळ्या. २०११ पासून संशोधकांनी त्यांचे गट पाडायला सुरुवात केली. कोणी तीन पाडले, कोणी चार, आणि त्यातून मुख्य दोन टिकले. क्लासिकल गाठीच्या पेशींना आपण मुळात स्वादुपिंडाच्या नळीतल्या आहोत याची थोडी ओळख उरलेली असते, जीएटीए६ हे प्रथिन त्यांच्यात भरपूर असतं. बेसल-लाइक पेशींची ती ओळख पुसलेली असते, जीएटीए६ कमी असतं, आणि सरासरीने त्या जास्त आक्रमक असतात. टोरोंटोच्या कॉम्पास अभ्यासात बेसल-लाइक गाठींवर फॉल्फिरिनॉक्सचा परिणाम कमी दिसला होता. हे ऐकल्यावर पहिले दोन महिने माझ्या डोळ्यांपुढून सरकले. तो ७०५, ती सोललेली जीभ.

"मग आधी कळलं असतं तर आधीच दुसरं औषध दिलं असतं?" मी विचारलं.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. "कदाचित. पण मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. आपण औषध बदललं ते स्कॅन बघून, उपप्रकार बघून नाही. उपप्रकारावरून पहिलं औषध निवडावं असा पक्का नियम अजून झालेला नाही. आणि एकाच गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात. आपण यकृतातल्या तीन तुकड्यांबद्दल बोलतोय, सगळ्या आजाराबद्दल नाही." ताईने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे माझी वाईटातली आहे. पण या औषधाला घाबरते." मॅडम हसल्या. ताईने तो रिपोर्ट पुन्हा कधी मागितला नाही.

मी मात्र वाचत राहिले. २०२० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले होते. ज्यांच्या गाठीत औषध लागू पडेल असं काही सापडलं आणि ते औषध मिळालंही, त्यांचं मध्यक आयुर्मान २.५८ वर्षं. सापडूनही न मिळालेल्यांचं १.५१. ते औषध मिळालेले होते ४६ जण, आणि असं काही सापडलेलेच मुळात २६ टक्के. हे वाचून आशा वाटते, वाटलीच पाहिजे. पण एक गोष्ट मला ताईसोबत बसून उमगली. तुकडा घेणं, रिपोर्ट येणं, औषध हाती पडणं, एवढा काळ ज्यांनी काढला तेच त्या ४६ मध्ये मोजले गेले. आधीच संथ आजार असलेले त्यात जास्त असणार.

सात महिने बरे गेले. पायाची बोटं बधिर, केस नाहीत, पण ताई घरात वावरत होती, भाचीशी वाद घालत होती. मग आकडा पुन्हा चढू लागला. के-रासच्या अनेक रूपांना एकदमच रोखू पाहणारी नवी औषधं तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत होती आणि मॅडमनी एका चाचणीसाठी कागद पाठवले. उत्तर दोन दिवसांत आलं. पसरलेल्या आजारासाठी आधी फक्त एकच उपचारक्रम झालेले रुग्ण हवेत. ताईचे दोन झाले होते.

म्हणजे औषध बदलताना, त्या आठव्या आठवड्यात, जी१२डी माहीत असतं तर ती त्या अटीत बसली असती. पहिल्या बायोप्सीत तुकडा पुरता आला असता तर ते माहीत असतं. मी हा हिशेब पुष्कळदा केला आहे. कधी कधी उलटाही करते: चाचणीत गेली असती तर ते सात महिने मिळाले असते का? दोन्ही हिशेबांनी मला झोप लागत नाही.

पुढे स्टेंट तुंबला, ताप आला, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, चढलं, आणि कोणत्याच औषधाला पोट तयार होईना. शेवटचे पाच आठवडे वेदनाशामक उपचारांचं पथक घरी येत होतं. माझ्या वहीत त्या पाच आठवड्यांचा एकही आकडा नाही. निदानापासून चौदा महिन्यांनी ताई गेली.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी आणि भाचीने रक्त दिलं. मला एटीएमचा दोष नाही, भाचीला आहे. रिपोर्ट ऐकताना मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच श्वासात लाज वाटली. तिला आता तिशीनंतर दरवर्षी स्तनांचा एमआरआय, आणि ४४ व्या वर्षापासून स्वादुपिंडाची तपासणी, कारण घरातल्या सर्वांत लहान वयाच्या निदानाआधी दहा वर्षं मोजतात. तिने शांतपणे विचारलं, "आईच्या वयातून दहा वजा?" समुपदेशक बाई हो म्हणाल्या.

मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतून फोन आला. यकृतातल्या तीन तुकड्यांपैकी एकाचा बराच भाग शिल्लक आहे, ब्लॉक परत हवा की संशोधनासाठी ठेवायचा? ताईने जिवंतपणी संमतीवर सही केली होती, त्यांना फक्त घरच्यांना विचारायचं होतं. ठेवा, म्हटलं. आणि त्यावर पुढे काही नवीन तपासलं गेलं तर कळवण्यासाठी भाचीचा नंबर लिहून घ्यायला सांगितला.